मेहताबचा डावा हात

गेल्या लग्नसराईत मेहताब शेखला बँडच्या मालकानं एवढंच सांगितलं, "वाजव, नाहीतर नको वाजवू. हात मात्र हलले पाहिजेत."

मेहताब सोनईचा. वय चोपन्न, त्यातली अडतीस वर्षं साइड ड्रम गळ्यात. वरातीत क्लॅरिनेटवाल्याच्या शेजारून एक जण पट्ट्यानं लटकवलेला ड्रम मांडीवर टेकवत, दोन काठ्यांनी तडतड करत चालतो ना, तो मेहताब. नेवासा तालुक्यातली कितीतरी जोडपी त्यानं मांडवापर्यंत पोचवली, आणि आता त्यांची पोरंही पोचवतो. पण बँडची तऱ्हा बदलली. पुढं लाल कोटातली आठ माणसं चालतात, मागून ढकलगाडी येते. गाडीवर जनरेटर, कपाटाएवढे दोन स्पीकर आणि कॅसिओवाला. ठोका कॅसिओच्या बटणातून पडतो. त्या धडाक्यात मेहताबचा ड्रम म्हणजे पिठाच्या गिरणीत सांगितलेलं गुपित.

"ऐकूच येत न्हाई, तर मला चालवता कशाला?" त्यानं विचारलं होतं.

"शोभेला. कोट तुझ्याच अंगावर नीट बसतो."

मेहताब तेव्हा हसला. कोट खरंच नीट बसायचा. पण जूनमध्ये भाच्याच्या लग्नाची शूटिंग घरच्या टीव्हीवर लावली, आणि त्याची बायको सुमैरा पडद्याकडं बघत म्हणाली, "अहो, तुम्ही वाजवताय का डास मारताय?"

"वाजवतोय की!"

"मग आवाज कुठाय?"

त्यानं रिमोट घेऊन आवाज वाढवला. कॅसिओ वाढला. अजून वाढवला. कॅसिओ घरभर झाला आणि शेजारची म्हातारी दारात येऊन विचारायला लागली, कुणाचं लगीन हाय म्हणून. मेहताबनं टीव्ही बंद केला. अडतीस वर्षांत दुनियेनं आपला ड्रम ऐकला, आपण एकदाही बाहेरून ऐकला नाही, हे तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं. जेवढ्या म्हणून शूटिंगा होत्या, सगळ्यांत हात त्याचे आणि आवाज दुसऱ्याचा. एकदा, एकदाच, आपला ड्रम आपल्या कानांनी ऐकायचा. घरात हे कुणाला सांगावं असं नव्हतं. तीन महिने मनात घोळवून तो कानिफनाथकडं गेला.

कानिफनाथ साखर कारखान्याच्या लॅबमधून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. उसाच्या रसात साखर किती आणि कचरा किती हे बघण्यात त्याचं आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर त्यानं तीच नजर गाण्यांकडं वळवली. त्याला गाणी गोळा करायचा नाद होता. तीही साधी नाहीत, 'लॉसलेस'. म्हणजे रेकॉर्डिंगमधलं काही एक न गाळता, न दाबता जशीच्या तशी ठेवलेली. अशी एकेक फाइल मोबाईलवरच्या गाण्याच्या पाचपट जड. म्हणून हार्ड डिस्क. त्या हार्ड डिस्क रतनबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, जुन्या लुगड्यांत गुंडाळून बाजरीच्या कोठीत.

गावाला हा शब्द भलताच आवडला होता. कानिफनाथ लॉसलेस काहीतरी करतो, एवढी बातमी शिंगणापूरच्या रस्त्यापर्यंत गेली आणि एक दिवस एक कांदेवाला चपला काढून ओसरीवर बसला.

"साहेब, ते बिनलॉसचं तुमचं काय हाय, ते कांद्याला लागू हाय का?"

"ते गाण्यांचं आहे हो."

"गान्यांचं कसंबी असू द्या. कांद्याचं बघा."

मेहताब गेला तेव्हा कानिफनाथ कॉम्प्युटरपुढं बसून एका फाइलला शिव्या देत होता. पडद्यावर गाण्याचा रंगीत आलेख होता. खालून लालभडक, वर जाता जाता निळा, आणि एका उंचीवर अचानक सपाट काळा.

"हे बघ. ग्रुपवर एकानं पाठवलं, लॉसलेस म्हणून. बघ वरून कसं कापलंय! वाढं छाटलेला ऊस आहे हा. आधी साधी फाइल केली, शेंडे छाटले, मग नवा अंगरखा घालून मला दिली. भेसळ!"

"भाऊ, मला कळतंय व्हय त्यातलं काय?"

"कळेल. बस. हे घाल कानाला."

त्यानं मेहताबच्या डोक्यावर मोठा हेडफोन चढवला आणि एक अल्बम लावला. मेहताबनं डोळे मिटले. जरा वेळानं एक डोळा उघडला.

"हा ड्रम वाजवतोय का झाडतोय?"

"ब्रशनं वाजवतोय. तारांचा झुपका असतो. अमेरिकेतला जॅझवाला आहे. जन्मभर मोठमोठ्या बँडांत धडाधडा वाजवलं, आणि म्हातारपणी तिघंच बसलेत. एक पियानो, एक माणसाएवढा उंच बास, आणि हा. ॲकॉस्टिक ट्रायो म्हणतात."

"ॲकॉस्टिक म्हंजी?"

"बिनलायटीचं. स्पीकर नाही, कॅसिओ नाही."

"लाईट गेली तरी चालू ऱ्हातं?"

"राहतं."

"मग हे आमचंच की, भाऊ!" मेहताबनं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला. "ह्यो बसताना खुर्ची करकरली. ऐकलं का? आन् आता कुनीतरी घसा खाकरला."

"लॉसलेस आहे. खाकरलेलं कसं जाईल?"

मेहताबनं सगळा अल्बम एका बैठकीत ऐकला. चहा थंड झाला, रतनबाईनं तो नेऊन पुन्हा तापवून आणला, तोही थंड झाला. हेडफोन काढला तेव्हा त्याच्या कानांवर लाल वळ होते.

"भाऊ, माझं असं करायचं."

"काय?"

"असंच. तिघं. मी, अमीरचाचा आन् छगन. लाईट न्हाई, गाडी न्हाई. तुमी रेकॉर्ड करा. एक शिंतोडा वाया जाता कामा न्हाई."

कानिफनाथकडं मुठीत मावणारा एक चांगला रेकॉर्डर होता. त्यावर त्यानं आजवर कोकिळा, शनिवारचा बाजार आणि रतनबाईचं घोरणं टिपलं होतं. हे शेवटचं तिला माहीत नव्हतं. तो लगेच तयार झाला. "दिवाळीनंतर करू निवांत."

"दिवाळीनंतर चाचाला दात नसतील."

ही खरी अडचण होती. अमीरचाचा, अडुसष्ट वर्षांचे, मेहताबशेजारी पंचवीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत चालले होते. क्लॅरिनेटची चोच वरच्या दातांखाली धरावी लागते. चाचांचे वरचे दात उरले होते चार, त्यांतले तीन हलत होते आणि चौथ्याखाली पू झाला होता. नगरच्या डॉक्टरनं सोमवारची तारीख दिली होती, सगळे काढायचे. रमजानपासून चाचा तारखा पुढं ढकलत होते, आता जबडाच सुजायला लागला होता.

"कवळी बसवल्यावर वाजवता येईल की," कानिफनाथ म्हणाला.

"चाचा म्हनतात, कवळीनं वाजवनं म्हंजी दुसऱ्याच्या तोंडानं मुका घेनं."

आतून रतनबाईचं हसू ऐकू आलं.

दिवस गुरुवार होता. पितरांचा पंधरवडा चालू होता म्हणून कुठं लग्न नव्हतं, आणि कारखान्याचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता म्हणून उसाच्या गाड्यांचा धुरळा नव्हता. शनिवार ठरला.

शुक्रवारी मेहताब रतनबाईपुढं उभा. "वहिनी, एक मागायचं हुतं. केरसुनी."

"घर झाडायला घेतलं का काय सुमैरानं?"

"न्हाई. कापून त्याचे ब्रश करायचेत. ड्रमला."

रतनबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मेहताबभाऊ, केरसुनी म्हंजी लक्ष्मी हाय आमची. तिला कोयता लावता? खराटा घेऊन जा अंगणातला, तो लक्ष्मी न्हाई."

त्यानं खराट्याचे हीर बांधून ड्रमवर फिरवून बघितले. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज आला आणि कोंबड्या कुंपणावरून पलीकडं गेल्या. रतनबाई बराच वेळ बघत राहिली. मग आत जाऊन जुनी, झिजून वीतभर राहिलेली केरसुणी घेऊन आली. तिला हळद-कुंकवाचं बोट लावलं, आणि गाठी नखानं उकलत बसली.

"कापायची न्हाई. सोडवायची. आन् वाजवून झालं की मला परत. मी वाहत्या पान्यात सोडीन." मग पाती त्याच्या हातात देताना म्हणाली, "पाय लागू देऊ नका."

"वहिनी, मी डोक्याला लावून वाजवतो."

"डोक्याला नको. ड्रमला लावा."

शनिवारी सकाळी कानिफनाथच्या मागच्या खोलीत तिघं जमले. तिसरा छगन, पोटाएवढा पितळी बाजा फुंकणारा, ज्यातून म्हशीच्या हुंकारासारखा खर्ज निघतो. छगन स्वतः महिन्यातून चार वाक्यं बोलायचा, तीही पावसाबद्दल. खिडकीला गोधड्या टांगल्या होत्या. पंखा बंद. फ्रिजची गुरगुर रेकॉर्डिंगमध्ये येईल म्हणून कानिफनाथनं त्याची पिन काढली.

"दूध नासलं तर त्ये बी तुमच्या लॉसलेसमधी धरा," रतनबाई म्हणाली.

तिघांना स्टुलांवर बसवलं. मेहताबनं स्वतः ड्रम स्टुलापुढच्या पाटावर ठेवला, त्या अमेरिकनासारखा. कानिफनाथ म्हणाला, "मी हात वर केला की सुरू करा."

त्यानं रेकॉर्डरचं बटण दाबलं, हात वर केला. तिघंही पुतळे.

"अरे, करा ना सुरू!"

"करतो," मेहताब म्हणाला. काठ्या उचलल्या. कानिफनाथनं पुन्हा हात वर केला. काठ्या हवेतच थांबल्या.

"काय झालं आता?"

अमीरचाचांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "कानिफभाऊ, हात नका ना वर करू. वरातीत कुनी हात वर केला म्हंजी बँड बंद. पुढं दवाखाना हाय, मशीद हाय, न्हाईतर कुनाची मयत आली. पन्नास वर्षांची सवय हाय, हात दिसला का फुंक आपोआप गिळली जाते."

मग हात खाली करायचा ठरला. सुरुवात झाली, आणि दुसरंच संकट. मेहताबचे पाय. वाजवायला लागला की ते आपोआप डावा-उजवा चालायला लागायचे. फरशीवर टाचा धपधप. चपला काढल्या, तरी धपधप. पायांखाली उशी दिली, तर उशी सरकत सरकत कोपऱ्यात गेली आणि मागोमाग स्टूल. रतनबाईनं दोन्ही गुडघे टॉवेलनं एकत्र बांधले. तर ठोकाच बसेना. काठी एक पाऊल शोधत राहायची आणि ते सापडायचं नाही. छगनच्या बाज्यातून भलत्या वेळी हुंकार निघायचा, कारण तोही मेहताबच्या पायांकडं बघून फुंकायचा.

दुपारी दोनपर्यंत एक तुकडा जमला नाही. मेहताबनं टॉवेल सोडला. "मला येतच न्हाई वाटतं. कोटच चांगला बसतो."

अमीरचाचा गालाला ओला फडका लावून बसले होते. "अरे येड्या, आपन बसून कधी वाजवलंय का? बसून आपन फक्त जेवलोय."

 छगन म्हणाला, "मग चालू या." आणि बाजा उचलला.

रविवारी सकाळी ते शेतातल्या पाटावर गेले. पाण्याचं आवर्तन सुटलेलं नव्हतं, म्हणून पाट कोरडा आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या वर गेलेला ऊस. आवाज बाहेर सांडायला जागा नाही. कडेनं मातीचा रस्ता. तिघं ओळीत उभे राहिले, अंगात लाल कोट. कोटाशिवाय खांदे कुठं ठेवायचे कळत नाही, असं मेहताबचं म्हणणं. त्यांच्यापुढं तीन हातांवर कानिफनाथ, तोंड त्यांच्याकडं, छातीशी रेकॉर्डर धरून. म्हणजे त्याला उलटं चालायचं होतं. त्याच्या मागं रतनबाई, त्याचा सदरा मागून मुठीत धरून, बैलाला वेसणीनं न्यावं तशी.

"आवाज करू नकोस हां," कानिफनाथनं बजावलं.

"मी कशाला करते?"

पहिली चाल वरात निघतानाची. मेहताबनं उजव्या पायावर काठी टाकली आणि लगेच कळलं की हे वेगळं आहे. मागं गाडी नाही, जनरेटर नाही. काठीचा ठोका उसावर आपटून परत येत होता. चाचांचं क्लॅरिनेट उंच गेलं, छगनचा खर्ज पायांखालून चालला, आणि मधे, स्पीकर आल्यापासून पहिल्यांदा, साइड ड्रम.

दुसरी चाल मांडवाजवळची, जिथं नवरदेवाचे मित्र नाचतात. तिसरी, नवरी सासरी निघते त्या वेळची. तिच्यात मेहताबनं काठ्या खोचल्या आणि केरसुणीची पाती घेतली. ड्रमवरून ती फिरायला लागली. कुणीतरी पहाटे अंगण झाडतंय आणि झाडता झाडता थांबतंय, असं काहीतरी. रतनबाईनं मान वळवून बघितलं, आणि तेवढ्यात नवऱ्याचा पाय गेला.

"खड्डा!" ती ओरडली.

कानिफनाथ सावरला. कुणी थांबलं नाही. बांधावर एक कावळा येऊन बसला आणि चालीत मधेच दोनदा ओरडला. कानिफनाथ एका हातानं त्याला हाकलायला गेला, तर रतनबाईनं सदऱ्याला हिसका दिला आणि दात-ओठ खाऊन, आवाज न करता, तोंडानं नुसतं म्हटलं: पंधरवडा हाय!

पंधरवड्यात आलेला कावळा हाकलत नाहीत.

पाटाचं दार आलं तेव्हा तिघंही घामानं भिजले होते. चाचांच्या ओठाच्या कोपऱ्यात रक्ताची रेघ होती. त्यांनी ती पुसली आणि म्हणाले, "झालं बाबा माझं. आता उद्या डॉक्टरला म्हनावं, घे काढून."

दुपारी मेहताबनं हेडफोन घातला. कानिफनाथनं फाइल लावली. आधी पावलं ऐकू आली, मग छगनचा खर्ज, मग ड्रम. मेहताबच्या चेहऱ्यावर एक पोरकट हसू पसरलं, आणि एका मिनिटात ते उतरलं.

"भाऊ, परत लावा."

पुन्हा लावलं.

"डावा हात उशिरा येतोय."

कानिफनाथ लॅबमधला माणूस. समोरच्याचा चेहरा बघायच्या आधी त्यानं पडदा बघितला. "हो, येतोय. मोजलं मी मघाशी. तीस मिलिसेकंद. कधी बत्तीस. पण एकदाही चुकत नाही, दरवेळी तेवढाच, फक्त मुखडा संपतो तिथं बराच जास्त."

मेहताबनं डावं मनगट उलटसुलट करून पाहिलं. बावीस वर्षांपूर्वी खर्ड्याच्या लग्नाहून येताना तो बँडच्या टेम्पोतून पडला होता. मनगट मोडलं, बसवलं, दोन महिन्यांत पुन्हा ड्रम गळ्यात. बरं झालं असंच तो समजत होता. बरं न झाल्याचं कुणीच बोललं नव्हतं, आणि मग स्पीकर आले.

"बावीस वर्षं लंगडं वाजवत हुतो मी," तो म्हणाला. "आन् मालकाला वाटतं मी उगाच रडतोय. परत करू, भाऊ. आजच."

"चाचांचा गाल बघितलास? टमाटा झालाय."

"मग सरळ करा. तुमच्या मशीनवर व्हतं ना? डावा ठोका उचलायचा, पुढं सरकवायचा."

 दुसऱ्याच्या फाइलला कुणी हात लावला तर जो माणूस ग्रुपवर तीन पानी निषेध लिहायचा, त्याला आता स्वतःच्या हातानं हे करायचं होतं. "मेहताब, ही भेसळ आहे रे."

"माझा ड्रम हाय. मला लोकांपुढं लंगडा न्हाई जायचं."

 सोमवार आणि मंगळवार कानिफनाथ पडद्यापुढं बसला. एकेक डावा ठोका पकडून त्यानं पुढं सरकवला. मधे एकदा त्यानं रतनबाईला हाक मारली. "हे काय दिसतंय बघ. प्रत्येक मुखड्याच्या शेवटी, डाव्या ठोक्याच्या आधी, ही बारीक टेकडी. कचरा आहे काहीतरी."

"वारा असंल."

"वारा काय ठरवून येतो?" म्हणत त्यानं ठोका तिच्यावर सरकवला.

बुधवारी सगळे जमले. अमीरचाचा मफलर बांधून आले. वरचे दात गेले होते, तोंड आत गेलं होतं, आणि 'स' म्हणायला गेले की वाफ निघायची. रतनबाईनं त्यांच्यापुढं पातळ लापशी ठेवली. कानिफनाथनं आज हेडफोन काढून ठेवला आणि दोन छोट्या स्पीकरवर सरळ केलेली पहिली चाल लावली.

चाचा लापशीचा चमचा हातात धरून ऐकत राहिले. चमचा तोंडापर्यंत गेलाच नाही.

"हे कोन?" ते म्हणाले.

"मी," मेहताब म्हणाला.

"चल. ही गाडीवरची मशीन हाय."

"चाचा, मीच हाय! फक्त डावा हात सरळ केलाय. उशिरा येत हुता."

"उशिरा येतो, मला म्हाईत हाय. पन हे काय केलंय? माझा दम कुठंय?" चाचांनी चमचा खाली ठेवला. "ऐक, ऐक हितं. मुखडा संपतो, तिथं तुझा डावा हात जरा रेंगाळतो. तेवढ्यात मी दम घेतो. कायमचं. आता तिथं आधीच काठी पडलीय, आन् माझा दम तिच्याखाली चिरडलाय. मेल्यावानी वाजतंय माझं."

कानिफनाथ उठून पडद्याजवळ गेला. ती बारीक टेकडी. त्यानं तोंडावर हात ठेवला. "अरे देवा. मी कचरा म्हटलं त्याला."

"तुम्हाला म्हाईत हुतं?" मेहताबचा आवाज चढला. "बावीस वर्षं? आन् सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू सुधारला असतास. मग मी दम कुठं घेतला असता, तुझ्या सासरी?"

छगननं एक हुंकार दिला. बाजा जवळ नव्हता, तोंडानंच.

"लोक ऐकतील, चाचा. म्हनतील, ह्याचा डावा लंगडा."

"म्हनू दे. नवरदेवाची घोडी कधी बिचकली तुझ्या ठोक्याला? मशीनला बिचकते. मागच्या वर्षी शिंगनापूरच्या लग्नात नवरदेव मोसंबीच्या बागंत कुनी शोधून आनला?"

"ती फटाक्याला बिचकली हुती."

"घोडीला विचार."

मेहताब हसला नाही. तो पडद्याकडं बघत होता. दोन आलेख शेजारी शेजारी होते, एक सरळ, एक त्याचा. "भाऊ, पहिलं लावा. जसं हाय तसं."

कानिफनाथनं लावलं. खोलीत पाट आला, ऊस आला, दहा पावलं चालायला लागली. मुखडा संपला. डावा हात रेंगाळला, आणि त्या फटीत, आता सगळ्यांना माहीत होतं म्हणून सगळ्यांना ऐकू आला, एका म्हाताऱ्या माणसाचा झटकन आत ओढलेला श्वास. मग काठी. मग क्लॅरिनेट. पुन्हा तेच. पुन्हा. मेहताबनं पुढच्या वेळी डावा हात मांडीवरून उचलून धरला आणि चाचांचा दम घेऊन होईपर्यंत थांबला, मग टेकवला. बरोबर बसला.

चाल संपली. मग रतनबाई दारातून म्हणाली, "ह्ये बरं हाय. त्ये दुसरं ऐकून माझे पाय जाग्यावरच ऱ्हायले."

"कुठलं ठेवू?" कानिफनाथनं विचारलं. त्यानं विचारलं मेहताबला, पण उत्तर अमीरचाचांनी दिलं.

"माझे शेवटचे चार दात हायेत त्याच्यात. त्यातला एक ठोका इकडचा तिकडं केलास ना मेहताब, तर चावीन तुला."

"कशानं?" छगन म्हणाला.

आधी रतनबाई फुटली, मग कानिफनाथ, आणि मग चाचा स्वतःच मफलरात तोंड खुपसून हसायला लागले. टाके ताणले गेले, "हाय अल्ला, हसवू नका रे," म्हणत गाल धरून पुन्हा हसले. मेहताब सगळ्यांत शेवटी हसला. हसता हसता त्यानं कानिफनाथच्या खांद्यावरून हात पुढं केला. "सरळवालं पुसा."

"नक्की? दोन दिवस घातलेत मी."

"पुसा, भाऊ. भेसळ हाय ती."

कानिफनाथनं पुसलं. इतक्या आनंदानं त्यानं आयुष्यात काही पुसलं नव्हतं. मग खुर्ची पुढं ओढून चष्मा नाकावर ठेवला, कारण आता त्याचं आवडतं काम होतं. संग्रहात फाइल ठेवायची तर तिच्यावर सगळी माहिती चढवावी लागते. नाहीतर त्याच्या लेखी ती बेवारस.

"नाव सांग. पूर्ण."

"मेहताब."

"पूर्ण म्हटलं."

"मेहताब नबीलाल शेख. 'बी'ची वेलांटी दुसरी."

"वाद्य?"

"साइड ड्रम." मेहताब थोडा थांबला. "भाऊ, डावा हात उशिरा, असं लिवायला जागा हाय का त्यात?"

कानिफनाथनं पडदा खाली सरकवला. "शेऱ्याचा रकाना आहे."

"मग लिवा."

"किती उशिरा? तीस लिहू का बत्तीस?"

मेहताबनं अमीरचाचांकडं बघितलं. चाचा लापशी फुंकत होते.

"चाचांचा दम हुईल तेवढा," तो म्हणाला.